ताकाला जाऊन भांडं लपवलं

मोहालीतल्या आमच्या ऑफिसात टीम लीडची जागा दुसऱ्यांदा माझ्या हातून गेली, तेव्हा साहेबांनी फार गोड आवाजात सांगितलं, की तुला एका मेंटॉरची गरज आहे. गोड आवाजात सांगितलेल्या गोष्टींचा मला मुळातच राग येतो. पण पुढची जागा सहा-सात महिन्यांत निघणार होती आणि तिसऱ्यांदा हात चोळत बसायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी मेंटॉर शोधायला निघाले, स्थळं बघायला निघावं तशी.

पहिलं स्थळ अर्थातच मराठी. चंदीगडच्या मंडळाच्या गणपतीत एक काका भेटले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, मूळचे कोल्हापूरचे. मी सांगलीची. मग काय विचारता! तीन रविवार मी त्यांच्या घरी मार्गदर्शन घ्यायला गेले. पहिल्या रविवारी तांबड्या रश्श्यावर चर्चा झाली, दुसऱ्या रविवारी इथे धड कांदा-लसूण मसाला का मिळत नाही यावर. तिसऱ्या रविवारी काकूंनी थालीपीठ लावलं आणि निघताना डबाही दिला. करिअर हा शब्द तिघांपैकी कुणाच्याच तोंडून निघाला नाही. आठवडाभर हिंदी बोलून दमलेल्या माणसांना कुणी मराठी भेटलं, की ती कामाचं बोलत नाहीत, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. काकांकडे मी अजूनही जाते, पण थालीपिठासाठी.

मग मी आमच्याच कंपनीतल्या, दुसऱ्या विभागाच्या प्रमुख मॅडमना कँटीनमध्ये गाठलं. पन्नाशीच्या, पंचकुल्यात राहणाऱ्या, अस्सल पंजाबी. त्या फोनवर बोलल्या, की अख्ख्या मजल्याला विषय कळतो. मी धीर करून विचारलं. हातातला ट्रे खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "वॉक करती हो?"

मी करत नव्हते. "करती हूँ जी," म्हणाले.

दर शनिवारी सकाळी सात वाजता त्यांच्या सेक्टरातल्या बागेत चार फेऱ्या, असं ठरलं. पहिली फेरी सुरू झाली, की त्यांचा प्रश्न ठरलेला: "हाँ जी, इस हफ्ते क्या बिगड़ा?" आणि मी सांगायचे, काय जमलं ते. शुक्रवारी संध्याकाळी चक्क मुद्दे काढून ठेवायचे. बाईंना वही दाखवायची ती खाडाखोड नसलेली, चुकलेलं पान घरीच फाडायचं, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मॅडम "बढ़िया, बढ़िया" म्हणत भराभर चालायच्या, आणि आपली छाप पडतेय म्हणून मी धापा टाकत खूश.

बिघडलं मात्र होतं. एका कॉलवर, शहाणपणा मिरवायच्या नादात, मी क्लायंटला काम दोन आठवडे आधी देऊ असं सांगून टाकलं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याने मागितलंही नव्हतं. त्या कामापुरती माझ्या हाताखाली पाच जणांची टीम होती, तिला मात्र मी सांगितलं, की क्लायंटच अडून बसलाय. पाचही जणांनी दोन शनिवार-रविवार ऑफिसात घालवले. शनिवारी मी सातला बागेत फिरायचे, दहाला त्यांच्यात जाऊन बसायचे आणि त्यांच्याबरोबर क्लायंटला शिव्या घालायचे.

सहाव्या महिन्यात जागा निघाली. निवड समितीने मॅडमना माझ्याबद्दल विचारलं. हे त्यांनीच मला सांगितलं, दुसऱ्या फेरीत.

"मैंने हाँ नहीं कहा."

मी थांबले. त्या थांबल्या नाहीत, त्यामुळे भांडायलाही मला पळत जावं लागलं. "क्यों, मॅडम?"

"छह महीने में तुमने मुझे एक गलती नहीं दिखाई. या तो करती नहीं, या छुपाती हो. टीम किस भरोसे दूँ?"

मला असा राग आला! इतके शनिवार मरमर चालले ते यासाठी? "ये लो गलती!" म्हणत मी क्लायंटचं सगळं प्रकरण ओकून टाकलं, तेही अशा आवाजात, की बाकावरचे दोन आजोबा पेपर खाली करून बघायला लागले.

मॅडम पहिल्यांदाच थांबल्या. सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "इसमें मैं मदद कर सकती थी, बेटा." चिडल्या असत्या तर परवडलं असतं. मला रडूच आलं. एवढी धडपड करून माणूस मिळवलं आणि सहा महिने त्यांना नुसतं प्रगतिपुस्तक वाचून दाखवलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

सोमवारी टीमला खरं सांगायचं, हे चौथ्या फेरीत ठरलं. "सॉरी लंबी मत करना," ही मॅडमची एकमेव सूचना.

सोमवारी मी पाचही जणांना बसवलं आणि सांगितलं, की ती तारीख क्लायंटची नव्हती, माझी होती. कुणी दचकलं नाही. कुणी रागावलंही नाही. त्यांच्यातली सगळ्यांत कमी बोलणारी मुलगी म्हणाली, "पता था, मॅम."

क्लायंटने त्या कॉलनंतर लगेच मला आभाराची मेल पाठवली होती, स्वतःहून लवकर देताय म्हणून. ती या पाचही जणांना गेली होती. मी कौतुक तेवढं वाचलं होतं, ते आणखी कुणाकुणाला गेलंय हे बघितलंच नव्हतं.

"हम देख रहे थे, आप कब बताते हो," ती म्हणाली.

म्हणजे ते दोन्ही शनिवार-रविवार, मी क्लायंटला शिव्या घालत असताना, ही पाच माणसं सगळं माहीत असून मान खाली घालून काम करत होती. मॅडमवरचा उरलासुरला राग शनिवारपासून पोटात धरून होते, तो तिथे बसल्या बसल्या संपला. त्या समितीसमोर त्यांच्या जागी मी असते, तर मीही हो म्हटलं नसतं.