छत्तीसवरचा काटा

काल ऑफिसमधून परतताना स्कूटीचा काटा छत्तीसवर आला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “टेन मीटर्स पर सेकंद.” ऐकायला कुणी नव्हतं.

मी नववीत असताना पप्पा मला स्कूटरवरून मंठ्याहून जालन्याच्या हॉस्टेलवर सोडायला निघाले होते. बॅग त्यांच्या पायांशी, मी मागे. त्यांच्या शर्टाला साबणाचा आणि उन्हाचा वास येत होता. रडू येऊ नये म्हणून मी त्यांच्या खांद्यावरून काट्याकडे बघत मनातल्या मनात युनिट बदलत होते.

“काय पुटपुटून राह्यलीस?”

“फिजिक्स. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे. पाचानं गुणून अठरानं भागायचं, पण भाग बराबर जातच नाही.”

“मंग कितीवर जातो?”

“छत्तीसवर. उत्तर दहा.”

“घे, छत्तीस.”

त्यांनी गाडी हळू केली, ती शेवटपर्यंत. ट्रक हॉर्न देत पुढे गेले, भरलेली काळीपिवळीसुद्धा गेली.

“पप्पा, जल्दी चला ना. मेस बंद होईल.”

“तुझं गणित बिघडंल.”

ते माझ्या अभ्यासासाठी हळू चाललेत, असंच मला वाटलं होतं. त्यांना तो रस्ता संपायला नको होता, हे आता कळतं.

व्हेलॉसिटी सांगताना आकड्याबरोबर दिशाही सांगावी लागते, असं पुस्तकात होतं. गेटवर बॅग देऊन पप्पा वळले आणि आमच्या दिशा वेगळ्या झाल्या. रिकामी सीट घेऊन ते किती वेगानं मंठ्याला परतले, हे मी अजून विचारलेलं नाही.