पाहुण्याला फिक्का चहा

आमच्या मोरीच्या पाण्यावर गवती चहाचं बेट वाढलंय. त्याची चार पाती कापायची, हातानं चुरगाळायची, तुळशीची दहा-बारा पानं, पेरूची दोन कोवळी, आल्याचा ठेचलेला तुकडा घालायचा आणि पाणी चांगलं खळखळ उकळू द्यायचं. मग झाकण ठेवून पाच मिनिटं हात लावायचा नाही. हे मी दिवसातून दोन वेळा करत होते, एका माणसासाठी. त्या माणसाशी लग्न झालंय म्हणून करत होते. नाहीतर पातेलं कधीच आपटलं असतं.

बारामतीच्या डॉक्टरांनी मालकांचे डोळे तपासून मला स्वच्छ सांगितलं होतं. शुगरनं डाव्या डोळ्याचा पडदा खराब झालाय, तो आता सुधारायचा नाही. उजवा वाचवायचा असेल तर शुगर खाली आली पाहिजे. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि चहातली साखर बंद. साधा बिनसाखरेचा चहा ह्यांच्या घशाखाली उतरेना, म्हणून हा पानांचा. वास चांगला असला की साखरेची आठवण कमी येते, असा माझा अंदाज.

आणि घरी अगदी शहाण्यासारखे प्यायचे हो! वर "झकास झालाय" म्हणायचे. मी खूश. तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर शुगर उलट चढलेली. डॉक्टर माझ्याकडं असे बघायला लागले, जशी मीच ह्यांना रोज पेढे भरवते. मला मेलीला कळेना, चुकतंय कुठं.

कळलं ते किराणावाल्याच्या बायकोकडून. "तात्या आत्ताच चहा घिऊन गेलं की," ती ह्यांच्याबद्दल सहज म्हणाली. मग मी विचारत विचारत गेले. वस्तीवरची पाच घरं! रोज! दुधाचा, बुडाशी साखर राहील असा चहा. घरी येऊन जाब विचारला तर म्हणाले, "म्होरं आलेला कप मागं कसा सारायचा? लोकांला काय वाटंल?" बरं, डोळ्याचं कुणाला सांगितलंत का? तर नाही. "आंधळा म्हणत्याल मला." मलाही बजावून ठेवलेलं, बाहेर बोलायचं नाही. कपाळावर हात मारायचा तरी किती वेळा!

शेवटी मी पदर खोचला. डोळ्याचं नाही, पण शुगरचं सांगणार होते. घरोघर गेले आणि म्हटलं, "आमच्या ह्यांना शुगर आहे, चहा देऊ नका. द्यायचाच असेल तर बिनसाखरेचा द्या." एकजण माझ्याकडं बघतच राहिली. "आवो काकी, घरात कारखान्याची साखर पोत्यानं पडलीय, आन माणसाला फिक्का पाजू? चिक्कू म्हणत्याल मला!" मी म्हटलं, म्हणू देत. माणूस मोठा का साखर मोठी? चांगलीच तणतणले तिच्या दारात.

पाचवं घर आबांचं. आबा म्हणजे मालकांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांच्या सुनेला सुनवायला मी तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "काकी, आबांची बी शुगर वाढलीय. आमी त्यांला घरात साखरंचा चहा देत न्हाय. पर रोज सकाळी त्ये तुमच्याकडं येत्यात. तुमी काय देता?"

काय देत होते मी? तोच गवती चहा, पण दूध घालून आणि दोन चमचे साखर घालून. कधी तिसराही, कारण आबांना गोड आवडतं. आबांना शुगर आहे हे माहीत नव्हतं का? होतं की. माझ्याच ओट्यावर बसून गोळी घेताना बघितलंय. पण दारात आलेल्याला फिक्का चहा देणारी बाई, असं मला कुणी म्हणायला नको ना! लाज वाटली. साऱ्या वस्तीला शिकवायला निघाले होते आणि माझं स्वतःचं हे असं.

दुसऱ्या दिवशी आबा आले. मी दोन्ही कप पानांच्या चहानं भरले. साखरेच्या डब्याला हात लावला नाही. आबांनी एक घोट घेतला, थांबले, कपात बघितलं. मग हळूच म्हणाले, "वैनी, आमचं काय चुकलं का?"

आदल्या दिवशी एवढी फाडफाड बोललेली मी, आता "नाही हो आबा," एवढंच कसंबसं म्हटलं. आबा कप खाली ठेवून उठायला लागले.

तेवढ्यात मालकांनी त्यांना धरायला हात पुढं केला. तो आधी नुसताच हवेत गेला, मग चाचपडत आबांच्या मनगटावर आला.

"बसा आबा. हिचं काय न्हाय. माझा ह्यो डोळा गेलाय, शुगरनं. तुमी ह्या बाजूला बसलाय, तर तुमचं त्वांडबी दिसत न्हाय मला. प्या त्यो चहा."