पाव इंचाची जाळी

आमच्या खालच्या मजल्यावरचे जाळीवाले काका तीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना जाळ्या बसवत आले. हात चालू, तोंड बंद. बोलायचं खातं काकूंकडे आणि त्यांच्या एकुलत्या एक लेकीकडे, भिंगरीकडे.

भिंगरी औषधांच्या दुकानात कामाला होती आणि फावल्या वेळात साप धरायची. कुणाच्या न्हाणीघरात साप निघाला की हिला फोन. चिमटा, पिशवी उचलायची की निघाली.

"अगं, अशानं नवरा कसा मिळेल तुला?"

"पिशवीत घालून आणीन, आई!"

साप अडगळीत शिरला की मात्र हात घालावा लागायचा. म्हणून एकदा तिने वडिलांच्या हातात कागद ठेवला. "बाबा, हा पिंजरा करून द्या. जाळीची नळी, दोन्ही तोंडांना नरसाळं. आत यायला सोपं, बाहेर पडायला वाट सापडत नाही."

"करू. हातातली कामं उरकू दे."

"तुमचं 'करू' म्हणजे ना, बसलं की उठतच नाही!"

काका हसले. दीड महिना गेला. एका घरामागच्या लाकडांच्या ढिगात भिंगरीने हात घातला. दवाखान्यात चार दिवस काढले तिने. पाचवा काही उजाडला नाही.

महिन्याभराने काकांनी दुकानाचं शटर वर केलं. गिऱ्हाइकांच्या चौकटी बाजूला सारल्या आणि पिंजरा करायला बसले. कागद खिशात होता, पण उघडला नाही. तिचं अक्षर बघवत नव्हतं. आठवणीवर काम केलं. खिडक्यांची अर्ध्या इंचाची जाळी उरली होती, तीच वळली.

काकू दारात उभ्या. "आता कशाला?"

काका तार पिळत राहिले.

"अहो, मी विचारतेय. तेव्हा कुठे गेले होते हे हात?"

"एक साप," काका म्हणाले. "हात न घालता, जिवंत धरायचा. मग मोडून टाकतो."

संधीही लगेच आली. मागच्या बोळात भंगाराखाली साप शिरला. शेजारचा शिंपी काठी घेऊन तयारच. "काका, एका दणक्यात उरकतो."

"दोन दिवस दे मला."

"तेवढ्यात तो माझ्या मशीनवर येऊन बसेल!"

"बसला तर सदरा शिवून घे त्याच्याकडून. पण काठी ठेव."

शिंप्याने काठी भिंतीला टेकवली. काका एवढं बोलले, हेच नवल.

साप भिंतीच्या कडेकडेने जातो, हे लेकीकडून ऐकलेलं. काकांनी भिंतीलगत पिंजरा ठेवला, साप आत वळावा म्हणून तोंडाशी फळी आडवी लावली, वर ओलं गोणपाट. दर दोन तासांनी बघून यायचे. दुसऱ्या दुपारी गोणपाट उचललं आणि काकूंना हाक मारली.

साप आला होता. पण जाळीतून डोकं काढून वीतभर बाहेर सरकला होता, आणि अडकला होता. ना पुढे, ना मागे. तारेखाली खवले सोलवटले होते.

"बिनविषारी आहे," ते कसंबसं म्हणाले. "दाखवला होता तिने."

काकूंनी काही न विचारता त्यांच्या खिशातून कागद काढला. उलगडला. चित्राखाली लिहिलं होतं, ते मोठ्याने वाचलं. "जाळी पाव इंचाचीच. अर्ध्या इंचात साप अडकतो. बाबा, घरात उरलेली वापरू नका हं, ओळखते मी तुम्हाला."

काकांच्या हातातून पक्कड पडली. काकूंनी उचलून परत दिली. "कापा."

त्यांनी सापावर ओलं फडकं धरलं, काकांनी एकेक तार तोडली. तासभर. शिंपी लांबून पाण्याची बादली सरकवत होता. शेवटची तार तुटली तसा साप आत मागे सरला आणि नळीत निपचित पडला. जिवंत होता.

पिंजरा तसाच सायकलला बांधून दोघं वस्तीबाहेरच्या माळावर गेले. नरसाळं सोडवलं. बराच वेळ काही नाही. मग साप हळूच निघाला, गवत हललं, थांबलं.

काकू तिकडेच बघत होत्या. "सोडताना काय म्हणायची हो ती सापाला? काहीतरी म्हणायची ना?"

काका रिकामा पिंजरा धरून उभे होते.

"माहीत नाही. मी कधी आलोच नाही तिच्याबरोबर."