चिमूटभर हळद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढे बसूनही नाही – देवापुढे तर हळदच असते.

सतरा वर्षांची होते मी. थोरल्या भावाची बायको, सुशीलावहिनी, कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात बाळंत झाली. तिला ताप होता, म्हणून सोबतीला मी. मुलगी नाजूक, सदा झोपलेली. अंगावर ओढायचीच नाही. तिसऱ्या दिवशी ती पिवळसर दिसू लागली. नर्सबाईंनी बजावलं, कावीळ असेल. दर दोन तासांनी तळपाय चोळून उठवा, आईचं दूध काढून बोंडल्यानं पाजा.

मी पाजत होते. म्हणजे – पहिला दिवस पाजलं. दूध गालावरून ओघळायचं, ती डोळे उघडायची नाही. मग मी बोंडलं मोरीत ओतू लागले. कुणी विचारलं की म्हणायचं, प्याली. इतकं सोपं असतं का खोटं बोलणं? माझ्यासाठी होतं.

मलकापूरचे पाहुणे मला बघायला येणार होते. दोन ठिकाणी मी नापसंत झाले होते, तिसरं स्थळ हातचं जायला नको होतं. आईनं मात्र सांगितलं होतं, बाळंतीण घरी आली तरच बोलावायचं. तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीसाठी? हो. एवढ्याशा गोष्टीसाठी.

पाचवीच्या संध्याकाळी आईनं खाटेजवळच पूजा केली, बाळाच्या कपाळाला हळद लावली आणि पुडा उशाशी ठेवून गेली. सकाळी दुपटं बदलताना बाळानं क्षणभर डोळे उघडले. पांढरं असायचं तिथं पिवळं होतं. नीट पाहिलं मी. आणि डॉक्टरीणबाई फेरीला यायच्या आत पुड्यातली चिमूट घेऊन बाळाच्या गालांना, छातीला, पोटाला चोळली – हळूहळू, एकसारखी.

"हे काय गं?" त्यांनी विचारलं.

"पाचवीची हळद हाय, बाई. आईनं लावली."

"आणि दूध?"

"पितीया की. बोंडलंभर."

त्या आमच्या अडाणीपणावर चिडल्या, झोपलेल्या बाळाचा पिवळेपणा हळदीचाच धरला, वहिनीचा ताप उतरलेला पाहिला आणि घरी सोडलं.

पाहुण्यांनी मला पसंत केलं. त्याच दिवशी माजघरात बाळ किंचाळायला लागलं – असं रडणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. पाठीची कमान झाली होती. टांग्यातून पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, उशीर झाला.

मुलगी जगली. मान उशिरा धरली, चालायला चार वर्षं लागली. ऐकू कधीच आलं नाही. आई वहिनीला उभ्या घरासमोर म्हणाली, "तुझ्या दुधातच खोट हाय." वहिनीनं ते खरं मानलं. पुढचा मुलगा झाला, त्याला तिनं भीतीनं अंगावर पाजलंच नाही. आई ते बोलली तेव्हा मी तिथंच उभी होते, हातात लग्नाचा हिरवा चुडा. आईला एक शब्द बोलले नाही, आणि तेव्हा बोलले नाही ते नाहीच.

माहेरी गेले की पोर पाय ओढत माझ्याकडेच आधी येते. माझ्यावर तिचा फार जीव. वहिनीनं तिला ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवलंय. मांडीवर बसून ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहते, आणि मी ओठ घट्ट मिटून घेते.