गारठा आणि भूक

नेली हॉर्सफॉलची उमेदीची सगळी वर्षं कापडगिरणीत मागावर गेली. मागांच्या खडखडाटानं कान बसले होते, त्यामुळे साधं बोलली तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं. नवरा वारल्यावर तिचा एकुलता एक विल्फ दूर दक्षिणेतून, केंटमधून, बायको घेऊन आला. तिचं नाव डोरीन.

एकदा बाजारातून येऊन नेली दारातच हात चोळत म्हणाली, "स्टार्व्ड झाले गं पोरी!"

आमच्या यॉर्कशायरच्या या खोऱ्यात त्याचा अर्थ एकच, थंडीनं काकडले. डोरीनच्या मुलखात मात्र त्याचा अर्थ भुकेनं जीव चालला. ती बिचारी धावत गेली आणि पावाचा जाड तुकडा चरबी लावून घेऊन आली. नेलीला भूक मुळीच नव्हती, पण नव्या सुनेचं मन मोडवेना. तिनं मुकाट्यानं खाल्लं.

मग हे रोजचंच झालं. सासू काकडायची, सून वाढायची.

"कोळशाला जपते हो आमची राणी," नेली शेजारणीला सांगायची. "गारठले म्हटलं की हातात पाव ठेवते!"

आणि रात्री डोरीन विल्फला म्हणायची, "तुझ्या आईचं पोट आहे की विहीर? खाऊन उठतात न् लगेच उपाशी!"

विल्फ गिरणीतून दमून आलेला असायचा. "म्हातारं माणूस आहे, चालायचंच," म्हणून तो कूस बदलायचा.

एका रविवारी प्रार्थनेनंतर चार शेजारी चहाला आले होते. शेगडी मंद झाली होती. नेली आपल्या नेहमीच्या दणदणीत आवाजात म्हणाली, "या घरात मी रोज स्टार्व्ह होते बाई!"

डोरीनच्या हातातली किटली टेबलावर आदळली.

"काय कमी केलं मी तुम्हाला, मिसेस हॉर्सफॉल? माझे वडील बेकार होते तेव्हा धाकटा भाऊ भुकेनं रडत झोपायचा. कुणी उपाशी म्हटलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. माझ्या ताटातलं काढून देते मी तुम्हाला!"

"उपाशी?" नेलीनं तोंडाचा आ केला. "अगं, उपाशी कोण? थंडी म्हणतेय मी, थंडी!"

मग विल्फ असा काही हसला की चहा सांडला. शेजारणींनी रुमाल तोंडाला लावले.

निवृत्त शिक्षक लिस्टर तेवढे हसले नाहीत. "दोघीही बरोबर आहात," ते म्हणाले. "जुन्या इंग्रजीत हा शब्द नुसत्या मरण्यासाठी होता. जर्मन लोक अजूनही मरण्याला त्याच्याच भावंडासारखा शब्द वापरतात. पुढे तिकडे तो भुकेला चिकटला आणि इकडे थंडीला."

नेली शेगडीकडे बघत राहिली. लोक गेल्यावर डोरीननं कोळसा घातला, खाली बसली आणि सासूचे पाय मांडीवर घेऊन चोळू लागली. बर्फासारखे होते.

"माझी फिलिस अशीच गेली," नेली म्हणाली. आवाज कधी नव्हे इतका हळू. "विल्फच्या आधीची. गिरणी बंद होती, घरात कोळशाचा खडा नव्हता. छातीशी घेऊन बसले होते गं रात्रभर."

दारात उभ्या विल्फला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्याला बहीण होती.

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"तू हसरा होतास रे. कशाला सांगायचं?"

पुढच्या रविवारी तिघं टेकडीवरच्या दफनभूमीत गेले. फिलिसच्या जागी दगड नव्हताच, नुसतं गवत होतं. डोरीन गुडघ्यावर बसून ते साफ करू लागली. वारा बोचरा होता. नेलीनं आपली शाल काढली आणि सुनेच्या पाठीवर टाकली.

"राहू दे आई, तुम्हालाच लागेल," डोरीन म्हणाली.

त्या पहिल्या "आई"वर नेलीनं शाल तिच्या खांद्यांवर आणखी घट्ट ओढली. तीही खाली बसली आणि दुसऱ्या बाजूनं गवत उपटू लागली.