साडूंच्या कपाळावरच्या दोन रेघा

दोन नमुने शेजारी ठेवल्याशिवाय देवाचा प्रसादही तोंडात टाकणार नाही, असा माणूस साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. मलकापूरच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांनी उभा जन्म कापसाची प्रत ठरवण्यात घालवला. मूठभर कापूस उन्हात धरायचा, भुवया आवळून बघायचं, दुसऱ्या गाडीतली मूठ शेजारी धरायची, मग निकाल. ही खोड घरीही सुटली नाही. बाजारात दोन ढिगांतलं एकेक वांगं घेऊन ते उन्हात जाऊन उभे राहत. भाजीवाली वैतागून म्हणे, "भाऊ, वांगं हाय ते! सोयरीक पाहून राह्यले का?" एकदा चष्म्याच्या दोन फ्रेमी आठवडाभर आलटूनपालटून वापरल्या आणि दोन्ही परत केल्या.

या बघण्यापायी भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेघा पडल्या होत्या. साडू खुशीत असले तरी आत्ता कुणाला तरी झाडणार असं वाटे. पोरीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हा ते खरंच चिडले होते. तो राग सहा महिन्यांत विरला. रेघा मात्र जागच्या जागी. पोरगी पुण्याहून व्हिडिओ कॉल करायची, बापाचं कपाळ दिसलं की "बाबा अजून रागातच आहेत" म्हणून आईशीच बोलून फोन ठेवायची. आणि "राग गेला, घरी ये" एवढं तोंडातून काढणं साडूंना काही केल्या जमेना.

मग त्यांनी काय ठरवावं? रेघाच काढून टाकायच्या! मला घेऊन अकोल्याला त्वचेच्या डॉक्टरणीकडे गेले. बाईंनी नीट समजावलं: बोटॉक्सच्या सुईनं भुवया आवळणारा स्नायू सैल पडतो, तीन-चार महिने असर राहतो, फिलरची सुई रेघ आतून भरून काढते, ते जास्त टिकतं, तुम्हाला आधी बोटॉक्सच बरं. दुसरा कुणी मान डोलावून मोकळा झाला असता. साडू म्हणाले, "म्याडम, असं करा. डाव्या रेघेत हे टाका, उजव्या रेघेत ते. महिन्यानं उन्हात उभं राहून पाहतो, कोणता माल चांगला." बाई हसू दाबत नाही म्हणाल्या. साडू अडून बसले, "मंग हे टाकलेला एक आन् ते टाकलेला एक, अशी दोन माणसं तरी दाखवा!"

मी हसून हसून मेलो. वर जिनासमोरच्या टपरीवर सारं तिखटमीठ लावून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून जो तो विचारू लागला, "काय ग्रेडर साहेब, तोंडाले कोणता ग्रेड भेटला?" साडूंनी डॉक्टरणीकडे पुन्हा जायचं नावच टाकलं. मला एवढंच म्हणाले, "साडूभाऊ, मी काऊन गेलतो, हे तुम्हाले तरी माहीत होतं ना?"

माहीत होतं हो! पोरीला एक फोन लावला असता तर माझं काय बिघडलं असतं? पण आपल्याला काय करायचंय, म्हणून मी गप्प बसलो. तीन वर्षं बसलो.

यंदा पोळ्याच्या सुमारास साडू बसल्या जागी गेले. पोरगी दुपारी पोचली. दारात थबकली, मग जवळ बसून बापाच्या कपाळावरून हात फिरवला. रेघा जवळजवळ मिटल्या होत्या.

"मावसाजी," ती मला म्हणाली, "आज बाबांचा राग गेला वाटते."

तो कधीचाच गेला होता, हे मी तिला तेव्हा सांगितलं.