चित्रातला लाल ठिपका

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. कापसाला सोन्याचा भाव आला होता. अकोल्यात परक्या माणसांची इतकी गर्दी, की कोणी नाहीसं झालं तरी कळत नसे. मी तेव्हा ठाण्यावर जमादार होतो.

एका दुपारी एक माळीण धावत आली. कापूस खरेदी करणाऱ्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर ती फुलं देई. साहेबाला चित्रं काढायचा नाद होता.

"माही बहीण सापडून नाही राहिली. तिचा नवरा म्हणते, पळून गेली. पण सायबाच्या चित्रात तिच्या वावरामागची आंब्याची झाडं हायेत, अन् खाली लाल काहीतरी हाये. ती लाल लुगडं नेसून होती, जमादारसाहेब."

मी बंगल्यावर गेलो. चित्र अजून ओलं होतं. जवळून नुसते पिवळे-हिरवे फटकारे. मागं सरलो, तशी उन्हात न्हालेली झाडं दिसली. एका बुंध्याशी लाल ठिपका.

"हे काय?" मी विचारलं.

"काल नाल्याच्या अलीकडं बसलो होतो. तिथं लाल दिसलं, म्हणून लाल लावलं," साहेब मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला.

"हलत होतं?"

"थोडं. वाऱ्यानं..." तो थांबला. "वारा नव्हता."

नवरा निसटू नये, म्हणून आधी त्याला ठाण्यात आणवलं. तो बायकोला शिव्या देत राहिला. मी एवढंच म्हणालो, "साहेबाच्या चित्रात ती आहे."

"नाल्यापलीकडून कसं दिसन त्याले?" तो बोलून गेला.

नाल्याचं नाव मी काढलंच नव्हतं. त्यानं खाली बसकण मारली. दुसरी बायको आणायला ही आडवी येत होती. धाक दाखवायला त्यानं तिला झाडाला बांधलं, तोंडात बोळा कोंबला. सोडायला गेला, तर समोर साहेब बसलेला. भीतीनं तो पुन्हा तिकडे फिरकलाच नाही.

माळणीला घेऊन आम्ही त्या झाडांकडे धावत सुटलो. ती मेलीच असणार, असं वाटत होतं. तिची मान लोंबत होती, अंगावर मुंग्या चढल्या होत्या. पण श्वास चालू होता. बहिणीनं बोळा काढून ओंजळीनं पाणी पाजलं. मग ती बोलली.

"तो गोरा माह्याकडंच पाहून राहिला होता, बाई. मी पाय झाडत होती. तो पाहे, अन् रंग लावे."

नवऱ्याला शिक्षा झाली. साहेबावर कोणतं कलम लावणार? पुढं नोकरीभर मी साक्षीदाराला 'कोण दिसलं?' असं आधी विचारलं नाही. 'काय हललं?' असं विचारत असे. पुष्कळांना, त्या साहेबासारखंच, उत्तर देता देता आपण काय पाहिलं ते कळे.